‘डीबीएची गरज संपते’ हे साफ चुकीचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॅनेज्ड क्लाउड डेटाबेसवरचा, म्हणजे क्लाउड कंपनीच चालवते अशा डेटाबेसवरचा, कालचा लेख वाचला आणि तो दिवसभर डोक्यातून जाईना. ‘डेटाबेस एकदा क्लाउडवर गेला की डीबीएची गरज उरत नाही’ (डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस) हे वाक्य लेखात आहेच, शिवाय चौकटीत ठळक करून पुन्हा छापलं आहे. अगदी याच शब्दांत हे वाक्य मी एका बैठकीत ऐकलं होतं. पुढे काय झालं तेही पाहिलं, म्हणून लिहिते आहे.

मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे ग्राहकांचा सगळा डेटा ओरॅकल या डेटाबेसवर होता. तो क्लाउडवरच्या मॅनेज्ड पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचं ठरलं. निर्णय योग्यच होता. सर्व्हर जुना झाला होता आणि लायसन्सचा खर्च झेपत नव्हता. पण ज्या सरांनी तो डेटाबेस वर्षानुवर्षं सांभाळला, त्यांना कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्यावर जाण्याच्या, दोन महिने आधीच निरोप दिला गेला. कारण हेच, की आता गरज नाही. मागे राहिलेल्या आम्हा दोघींना टेबलं माहीत होती. कुठला नाइट जॉब (रात्री आपोआप चालणारं काम) कशासाठी चालतो, कुठल्या कॉलममधल्या रिकाम्या जागेचा अर्थ काय, हे सगळं सरांच्या डोक्यात होतं. ते लिहून घ्यायलाही आम्हाला वेळ दिला नाही.

कटओव्हर शनिवारी रात्री झालं. पहाटेपर्यंत एकेका टेबलातल्या ओळी मोजून जुन्या आकड्यांशी ताडल्या. सगळ्या जुळल्या. अभिनंदनाचे ईमेल आले. सोमवारी ग्राहकांना ईमेलने पत्रं गेली आणि दुपारपासून फोन सुरू झाले, की पत्रावर नावच नाही. ज्यांचं मधलं नाव नोंदवलेलं नव्हतं, त्या प्रत्येकाचं अख्खं नाव गायब झालं होतं. ओरॅकलमध्ये नाव, मधलं नाव आणि आडनाव दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने जोडलं आणि मधलं नल (म्हणजे काहीच न नोंदवलेलं) असलं, तरी बाकीचं शाबूत राहतं. पोस्टग्रेसमध्ये तेच चिन्ह वापरलं आणि एक तुकडा नल निघाला, की सगळंच नल होतं. डेटा तसूभरही बिघडला नव्हता, क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) अर्थ बदलला होता. ओळी मोजून हे कधीच सापडत नाही. त्यासाठी तोच रिपोर्ट जुन्या आणि नव्या डेटाबेसवर चालवून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघावी लागतात. मी त्यासाठी एक आठवडा मागितला होता. तारीख जाहीर झाली आहे, असं सांगून तो नाकारला.

त्यातला एक फोन मी घेतला होता. एक वयस्कर बाई होत्या. ‘इतकी वर्षं तुमच्याकडे आहे, माझं नावसुद्धा उरलं नाही का?’ असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी न राहवून मी सरांना फोन लावला. त्यांनी एका शब्दाने कुणाला दोष दिला नाही. ‘तारखांचे कॉलमही बघ. ओरॅकलच्या डेटमध्ये वेळ असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते,’ म्हणाले, आणि बघायची आणखी चार ठिकाणं सांगितली. चारही ठिकाणी गडबड होती. दुरुस्तीच्या अहवालात सरांचं नाव कुठेही आलं नाही.

लेखात अ‍ॅमेझॉनचा दाखला दिला आहे. २०१९ मध्ये त्यांनी सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेसमधला ७५ पेटाबाइट डेटा आपल्या क्लाउड सेवांवर नेल्याचं जाहीर केलं, हे खरंच. पण त्या कामात शंभराहून जास्त टीम होत्या, हे लेखात यायला हवं होतं.

‘बॅकअपची चिंता कायमची मिटते’ हेही तसंच अर्धवट. अ‍ॅमेझॉन आरडीएस या मॅनेज्ड डेटाबेस सेवेवर आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. इन्स्टन्स, म्हणजे तिथे चालणारा आपला डेटाबेस सर्व्हर, काढून टाकताना ते राखायचा पर्याय निवडला नाही, तर तेही जातात. बॅकअपमधून मागच्या एखाद्या क्षणाचा डेटा परत आणला, म्हणजे रिस्टोअर केला, की नवा इन्स्टन्स तयार होतो, त्याचा पत्ता वेगळा असतो आणि अ‍ॅप्लिकेशन तिकडे वळवावं लागतं. हे मध्यरात्री कोण करणार? मी क्लाउडच्या विरोधात नाही. स्वतः चालवलेल्या डेटाबेसची काय गत होते, ते ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामचे कोड साठवणाऱ्या सेवेत दिसलंच. चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. पोस्टग्रेसची आवृत्ती ९.६ होती आणि डंप, म्हणजे बॅकअपची प्रत, घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे रोजचा बॅकअप होतच नव्हता. तो होत नसल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. मॅनेज्ड सेवा बॅकअप घेण्याचं काम नक्की हलकं करते. पण तो रिस्टोअर करून, उघडून, आतला डेटा बरोबर आहे का हे बघणारा माणूस इथेही लागतो आणि तिथेही.

आणखी एक. लेखातल्या खर्चाच्या तक्त्यात क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचं शुल्क धरलेलंच नाही. ज्यांचे रिपोर्ट अजून स्वतःच्याच सर्व्हरवर चालतात, त्यांना पहिल्याच बिलात ते दिसेल.

चौकटीतल्या त्या वाक्याचा खुलासा तितक्याच ठळक टायपात छापावा, ही विनंती. तुमचा लेख पुढे करून आज एखाद्या बैठकीत कुणाला तरी निरोप दिला जात असेल. मागच्या वेळी माझं पत्र छापताना जागेअभावी मधला परिच्छेद गाळला होता. या वेळी काही गाळायचंच असेल तर खर्चाबद्दलचं गाळा, सरांबद्दलचं राहू द्या.

आपली,
डेटाबेस सांभाळणारी एक वाचक