ताई, ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे हे तुमच्यामुळे कळलं

ताई, नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं, पण वाद होत असताना ऐकायचं कसं आणि आपलं सांगायचं कसं हे तुमच्या ग्रुपमध्ये तुम्ही आम्हाला जे शिकवलंत त्याची गरज असलेली खूप माणसं आहेत आणि त्यातली बरीचशी कुठल्याही ग्रुपला वगैरे कधी जाणार नाहीत, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव मुद्दामच घालत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीय. आभार मात्र मनापासून मानायचेत आणि नुसतं थँक्यू म्हणून नाही, नेमकं कशासाठी ते सांगून.

तुमच्याकडे येण्याआधी मला वाटायचं की समोरच्याने काही बोललं की लगेच स्वतःची बाजू मांडायची, नाहीतर लोक गृहीत धरतात. आणि दुसरा पर्याय म्हणजे गप्प बसायचं, गिळायचं. हे दोनच. आपल्यातल्या बहुतेकांना हेच दोन माहीत असतात बहुतेक, घराघरात बघा, एक जण उलट उत्तर देतो, दुसरा खोलीत जाऊन दार लावून घेतो आणि विषय जिथे होता तिथेच राहतो. तिसरं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

ते तिसरं मी पहिल्यांदा बघितलं ते तुमच्याच एका सेशनला. आपल्या ग्रुपमधले ते वयाने मोठे गृहस्थ, शांत असायचे एरवी, त्या दिवशी मध्येच म्हणाले, "हे सगळं पुस्तकी आहे हो, खऱ्या आयुष्यात असं कुणी बोलत नाही, आमचा वेळ वाया चाललाय." सगळे अवघडले. मला वाटलं आता तुम्ही त्यांना समजावणार की ही पद्धत कुठून आली, किती लोकांना उपयोग झाला वगैरे. तुम्ही काहीच समजावलं नाहीत. दोन-तीन सेकंद थांबलात, मग म्हणालात, "म्हणजे तुम्हाला इथून असं काहीतरी हवंय जे उद्या सकाळी घरी वापरता येईल, आणि अजून ते हाताला लागलेलं नाही. बरोबर समजतेय का मी?" ते म्हणाले, "नाही, तसं नाही." मग थांबले आणि म्हणाले की मुलगा त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो, ते इथे शिकून गेले आणि तसं बोलायला गेले तर तो म्हणाला हे कुठलं नवीन नाटक. तुम्ही म्हणालात, "मनापासून करायला गेलात आणि त्याला ते नाटक वाटलं." बास. एवढंच. पुढचा अर्धा तास ते गृहस्थ जे बोलले ते त्यांनी आधी कुणालाच सांगितलं नसणार असं मला वाटतं.

आणि माझ्यासाठी खरी गोष्ट त्यानंतरची होती. सेशन संपता संपता तुम्ही त्यांना म्हणालात, "वेळ वाया चाललाय हे वाक्य मला लागलं, कारण मी बरीच तयारी करून येते. पुढच्या वेळी काय जमत नाहीये ते थेट सांगाल का?" ते लगेच हो म्हणाले. तुम्ही तुमचं दुखणं गिळलं नव्हतं, फक्त त्याचा नंबर नंतर लावला होता. मला आजवर वाटायचं की कनवाळूपणा म्हणजे पडती बाजू घेणं. तसं नाहीये. आधी त्याचं पूर्ण ऐकायचं, ते त्याला ऐकल्यासारखं वाटेपर्यंत, मग आपलं सांगायचं, आणि आपलं सांगायचंच, टाळायचं नाही.

नंतर तुम्ही सांगितलंत की कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी 1952 साली छापून आलेल्या एका लेखात अगदी साधा नियम दिला होता. वाद चालू असताना आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आणि त्याची भावना आपल्या शब्दांत परत सांगायची, आणि त्याने "हो, हेच म्हणतोय मी" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऐकायला किती सोपं वाटतं! करायला घेतलं की कळतं, कारण परत सांगायचं म्हणजे आधी खरंच ऐकावं लागतं, आणि आपण तर समोरचा बोलत असताना मनात उत्तराची जुळवाजुळव करत असतो. पुढे या रॉजर्सच्याच विचारातून 'अहिंसक संवाद' ही बोलण्याची पद्धत मांडणारे मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग घडले. 1943 मध्ये त्यांचं कुटुंब अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात राहायला गेलं आणि त्याच उन्हाळ्यात तिथे वांशिक दंगल पेटली, लहानपणी हे बघितलेला माणूस आयुष्यभर एकाच प्रश्नामागे राहिला की काही माणसं इतक्या वाईट परिस्थितीतही माणुसकी कशी टिकवून धरतात. त्यांची ती चार पायऱ्यांची पद्धत, काय घडलं, मला काय वाटलं, मला कशाची गरज आहे आणि माझी नेमकी विनंती काय, ही तुम्ही आम्हाला शिकवलीत पण घोकून घेतली नाहीत, याचे वेगळे आभार. कारण घोकून बोललं की खरंच नाटक वाटतं, त्या गृहस्थांच्या मुलाचं तेवढं म्हणणं बरोबर होतं.

पायऱ्यांपैकी पहिलीच मला सगळ्यात जड गेली. काय घडलं ते सांगायचं, शेरा न मारता. "तू नेहमी उशीर करतोस" हा शेरा झाला, "आज आणि परवा ठरलेल्या वेळेनंतर आलास" हे घडलेलं. पहिलं वाक्य ऐकलं की समोरचा वकील होतो, नेहमी कुठे, गेल्या आठवड्यात आलो होतो की वेळेवर, आणि मग शब्दाने शब्द वाढतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. जॅक गिब या मानसशास्त्रज्ञांनी हे 1961 मध्येच मांडलंय, की लोक बचावात जातात ते बहुतेक वेळा मुद्द्यामुळे नाही तर मुद्दा येतो त्या सुरामुळे, म्हणजे आपल्याला जोखलं जातंय, आपल्यावर ताबा मिळवला जातोय, आपल्याला कमी लेखलं जातंय असं वाटलं की. मला हे वाचून खूप हलकं वाटलं होतं कारण तोपर्यंत मी डिफेन्सिव्ह होणं हा स्वभावदोष धरून बसले होते. तो दोष नाही, ती भीती आहे. आपलं नाव खराब होईल, आपण वाईट ठरू, ही भीती. आणि भ्यालेल्या माणसाला "तू किती डिफेन्सिव्ह आहेस" असं सांगून तो कधी शांत झालाय असं मी तरी पाहिलेलं नाही.

आता भावाचं सांगते, कारण तुम्हाला हे माहीत नाहीये.

आमच्या आईचं सगळं धाकटा भाऊ बघतो, मी दुसऱ्या गावात. मध्यंतरी त्याचा मेसेज आला, "तुला काय, लांब बसून सल्ले द्यायला काय जातं." वाचल्या वाचल्या कान गरम झाले. मी काय काय करते त्याची यादी डोक्यात तयार होती, तारखांसकट. पण तुमचं ते आठवलं की आधी शरीराकडे बघा. तुम्ही नवरा-बायकोच्या भांडणांवर संशोधन करणाऱ्या जॉन गॉटमन यांचं सांगितलं होतंत, की भांडताना हृदयाचे ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की माणसाला धड ऐकूच येत नाही, समजूतदारपणा तर दूरच, आणि खाली यायला निदान 20 मिनिटं तरी जातात. आणि त्यात तुमची एक अट असायची की ब्रेक घ्यायचा तर परत कधी येणार ते सांगून घ्यायचा, न सांगता गप्प होणं म्हणजे समोरच्याला भिंतीशी बोलायला लावणं. म्हणून मी त्याला एवढंच लिहिलं, "वाचलं. अर्ध्या तासात फोन करते." मधल्या वेळात ती यादी मनातल्या मनात म्हणायची नाही हे पण तुम्हीच बजावलं होतंत, नाहीतर ब्रेक कसला, ती तर तयारी झाली.

फोन केला आणि म्हटलं, "खूप दमलायस ना रे, रात्रीची झोप होत नाहीये का?" तर म्हणतो कसा, "झोपेचं नाही गं ताई. डॉक्टर काहीतरी विचारतात आणि मला एकट्याला हो-नाही सांगावं लागतं. चुकलं तर? मग सगळे मलाच बोलणार."

माझा अंदाज चुकला होता बघा. पण तुम्ही म्हणायचात ना की अंदाज चुकला तरी चालतो, तो प्रश्नासारखा विचारा, ठाम सांगू नका, मग समोरचाच दुरुस्त करून देतो. अगदी तेच झालं. मी म्हटलं, "म्हणजे काम करायचं ओझं नाहीये, एकट्याने ठरवायचं आहे." तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हो." त्या मेसेजमध्ये हे कुठे होतं सांगा! मी जर यादी पाठवली असती तर तोही त्याची यादी घेऊन आला असता आणि दोघांच्याही याद्या खऱ्याच असत्या.

माझं मी दुसऱ्या दिवशी बोलले. "लांब बसून सल्ले" हे मला टोचलं, मला पण आईपासून दूर राहण्याचा त्रास होतो, हे सांगितलं. तो सॉरी म्हणाला आणि त्यात "पण" नव्हता. आता डॉक्टरांकडे जाताना तो मला फोनवर घेतो आणि जे ठरेल ते दोघांचं असतं.

सगळं गोड झालंय असं नाही. अजूनही आमच्यात खटके उडतात, फक्त ते आठवडाभर चालत नाहीत.

अजून एका गोष्टीचे आभार मानायचे राहिले तर मला चैन पडणार नाही. ग्रुपमधल्या त्या मुलीने सांगितलं होतं की तिचा साहेब सगळ्यांसमोर अपमान करतो आणि ती त्याच्या गरजा समजून घ्यायचा प्रयत्न करतेय. तुम्ही तिला तिथेच थांबवलंत. म्हणालात की जिथे रोज अपमान होतो आणि सगळी सत्ता समोरच्याच्या हातात आहे तिथे आधी स्वतःला सांभाळायचं, झालेलं लिहून ठेवायचं, सोबत कुणाला तरी घ्यायचं, वर कळवायचं, गरज पडली तर बाहेर पडायचं, समजून घेण्याची जबाबदारी तिची एकटीची नाही. हे फार कमी लोक सांगतात. करुणेच्या नावाखाली सहन करायला शिकवणारे भरपूर आहेत आणि त्याने किती माणसांचं नुकसान होतं, विशेषतः ज्यांना लहानपणापासून ऐकून घ्यायचीच सवय लावलेली असते त्यांचं. तुम्ही ते केलं नाहीत म्हणून मी तुमच्यावर विश्वास टाकू शकले.

आणि ते स्वतःशी बोलण्याचं. मला आधी ते उगाचच वाटायचं, की स्वतःशी मायेने बोला म्हणजे काय, लाड करायचे का स्वतःचे. पण क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये स्वतःबद्दलच्या करुणेचे जे तीन भाग मांडले, स्वतःशी ममतेने वागणं, असं सगळ्यांचंच होतं ही जाणीव, आणि जे वाटतंय ते न फुगवता न दाबता बघणं, ते तुम्ही आमच्याकडून हळूहळू करून घेतलंत तेव्हा एक गोष्ट माझी मलाच दिसली. जो माणूस आतल्या आत स्वतःला सारखा फटकारत असतो त्याला बाहेरून आलेला साधा शब्दही सहन होत नाही, कारण आधीच आतून मार बसलेला असतो आणि त्यात हा वरून एक. आत थोडी जागा झाली की मग कुणी "हे चुकलंय" म्हटलं तर त्यात आपलं किती खरं आहे ते बघता येतं. निदान थोडं तरी असतंच, आणि तेवढं आधी कबूल केलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. हे ऑफिसात रोज बघतेय. मीटिंगमध्ये कुणी माझ्या कामात खोट काढली तर आता मी आधी विचारते, "नेमकं कुठे अडतंय?" आणि लोक खरंच नेमकं सांगतात. पूर्वी जो फीडबॅक टोचायचा त्यातला निम्मा तर नुसता प्रश्न होता असं आता लक्षात येतं.

एक विचारायचं पण आहे. जो माणूस बोलतच नाही, भांडत पण नाही, हूं म्हणून उठून जातो, त्याच्याशी कसं करायचं हो? घरात एक जण आहेत तसे. अंदाज बांधून विचारलं तरी "काही नाही" एवढंच उत्तर. मी मागे लागत नाही, "बोलावंसं वाटलं तर मी आहे" एवढं सांगून ठेवलंय, पण याच्या पुढे काय ते मला सुचत नाहीये. सवडीने सांगा.

आणि हो, भाऊ विचारत होता पुढची बॅच कधी आहे म्हणून. मी काहीच सुचवलं नव्हतं, त्यानेच विषय काढला. जमलं तर संध्याकाळची वेळ ठेवा, सकाळी त्याला आईजवळून उठता येत नाही.

तुमची,
मागच्या बॅचमधली, सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी