जामीन मिळाला, जामीनदार मिळेना: दिवाळीआधी मदतीचे आवाहन

गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या समस्त मंडळींना जय गुरुदेव, जय भीम, जय सेवा, राम राम.

हे पत्रक पोळ्यालाच निघायचं होतं. सोयाबीनच्या सवंगणीत आम्हीही अडकलो, त्याबद्दल माफी असावी. आता मात्र दिवस उरले नाहीत. आपल्या भागातली सात माणसं जिल्ह्याच्या जेलमध्ये आहेत आणि सातही जणांना कोर्टाने जामीन दिलेला आहे. एकाचा आदेश तर पावसाळ्यातल्या डवरणीच्या दिवसांतला. तरी ते आतच आहेत, कारण जामीनदार नाही.

आत आहे म्हणजे केलंच असेल, असं म्हणणाऱ्यांना सांगून सांगून आमची जीभ झिजली. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती, आणि त्यांत दर शंभरात पंचाहत्तरहून जास्त कच्चे कैदी होते. म्हणजे खटला चालू आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही. जामीनदाराला सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो, शिवाय मजुरीचा एक दिवस कोर्टात मोडतो. बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, सातबारा कुठून येणार? १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला, त्या पारध्यांची पोरं आहेत ही. मनावरून शिक्का पुसायचा कायदा अजून निघायचा आहे. जेलच्या नियमपुस्तकांतला जातीवरून कामं वाटायचा प्रकारसुद्धा सुप्रीम कोर्टाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवावा लागला.

मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाने १९७८ साली त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडा म्हटलं. आमचे वकील साहेब हा निकाल खिशात घेऊनच फिरतात, पण खालच्या कोर्टात शेवटी सातबाराच मागितला जातो.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ आहे. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर अर्धी मुदत आत गेली की सुटकेसाठी कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी जेल अधीक्षकावर आहे. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यांना हे लागू नाही. आणि एकाहून जास्त प्रकरणं अंगावर असतील तरी लागू नाही. खोच इथेच आहे. आमचा अनुभव असा, की बेड्यावरच्या पोरावर एक प्रकरण लागलं की मागून दुसरं येतंच. म्हणून आमचे दोन कार्यकर्ते घरोघरी जाऊन अटकेच्या तारखा वहीत लिहून घेतात. दिवस मोजणारं माणूस बाहेर असेल तरच आतल्याचे दिवस मोजले जातात.

मागच्या उन्हाळ्यात एका माऊलीला जेलमधल्या पोराच्या भेटीला नेलं होतं. पहाटे पाचला निघालेली. आधारची झेरॉक्स कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात घालून पदराला बांधलेली. ज्वारीची भाकर आणि ठेचा पोरासाठी आणला होता, तो गेटवरच राहिला. आत काच आणि फोन. तिने फोन उलटा धरला, आणि तो सरळ करून देईपर्यंत निम्मी वेळ गेली. परत आल्यावर लिंबाखाली बसून ती भाकर तिने आम्हालाच खाऊ घातली. तो पोरगा पुढे सुटला तो आपल्या रिटायर मास्तरांमुळे. अडीच एकर कोरडवाहूचा सातबारा त्यांनी काढून दिला तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता म्हणे. पोरगा एकही तारीख चुकला नाही. मास्तरांच्या वावरातलं एक ढेकूळ हललं नाही, उलट यंदा त्यांच्या तुरीचं निंदण त्याच पोराने केलं. मास्तरांचे उपकार या समितीवर जन्मभराचे आहेत.

तसेच बचत गटाच्या बायांचे. पापडाच्या पैशांतून त्यांनी ३,१०० रुपये दिले, आणि देताना फोटो काढू दिला नाही. चक्कीवाले काका दर महिन्याला न चुकता शंभर देतात. वरच्या आळीतल्या आजीने पैसे नाहीत म्हणून दोन पायल्या तूरडाळ दिली, ती आम्ही तीन घरांत वाटली. वकील साहेब झेरॉक्स आणि तिकिटापलीकडे पैसा घेत नाहीत. अशा लोकांच्या जोरावर आजवर एकोणीस माणसं घरी आली.

पण लिहायचं नाही म्हटलं तरी लिहावं लागतं. मागच्या वर्षी दोनशे घरी पत्रक वाटलं, जमले ४,१५० रुपये. त्याच आठवड्यात डीजेची वर्गणी एका संध्याकाळी पूर्ण झाली. पारावर एकाने विचारलं, "तुमाले चोरायचा एवढा पुळका कायले?" चार जण हसले. आपण ज्यांची सामुदायिक प्रार्थना म्हणतो ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९४२ साली नागपूर आणि रायपूरच्या जेलमध्ये होते. हसणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं.

गरज अशी: सात जामीनदार (सातबारा, आधार, दोन फोटो, ऐपतीच्या दाखल्याची धावपळ आम्ही करू). रोख जामीन, गाडीभाडं, झेरॉक्स आणि दोन घरांचा किराणा मिळून ६८,००० रुपये, त्यांतले ११,४०० जमा आहेत. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, जामिनासाठी पैसे मिळतात. तीन अर्ज टाकले आहेत, पण त्यांच्या भरवशावर दिवाळी जाईल. पैसे ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत सायंकाळी ७ ते ९, पावती घ्यावीच. खाते क्रमांक फलकावर आहे. आयकरात सूट मिळत नाही, कोणी विचारू नये. धान्य चालेल, जुने कपडे नकोत. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी लाज न धरता यावं किंवा १५१०० या सरकारच्या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करावा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, तो त्याचा हक्क आहे. जामीनदारांची नावं वसुबारसेच्या आधी कळवावी, नंतर कोर्टाला सुट्ट्या लागतात.

आपला,
सचिव (समितीकरिता)

ता.क.: मागच्या वर्षीची दोन पावतीपुस्तकं अजून परत आलेली नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांना माहीत आहे.