खिडकीला प्लास्टिक लावलंय, काळजी नसावी

मिनिआपोलिस, १८ जानेवारी

ती. अण्णा आणि आईस साष्टांग नमस्कार.

तिळगुळाचा डबा परवा पोचला, एक वडीसुद्धा फुटली नव्हती. बाकी ऑफिस, जेवण, झोप सगळं नेहमीसारखं.

आई, व्हिडिओ कॉलवर खिडकीचं प्लास्टिक पाहिल्यापासून तुझा जीव खालीवर झालाय, म्हणून आधी तेच लिहिते. काच फुटलेली नाही गं. थंडीच्या तोंडावर इथे पुष्कळ जण हे करतात. घर जुनं, खिडक्या खालीवर सरकणाऱ्या, काच एकेरी. बाहेर उणे वीस असलं की खोलीतली वाफ काचेवर पाणी होऊन ओघळते आणि सकाळी चौकटीत बर्फाची रेघ दिसते. खिडकी घट्ट लावली तरी पायांना गार लागतं, कारण काचेजवळची हवा थंड होऊन खाली उतरते.

म्हणून आधी फटी शोधल्या. तू दिलेल्या उदबत्त्यांतली एक पेटवून चौकटीच्या कडेकडेने फिरवली. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा झाला तर तिथे फट. दोन झडपा जिथे मिळतात तिथे तो सपकन आत वळला. तिथे स्पंजची पट्टी लावली. मग चौकटीला चारी बाजूंनी दुहेरी चिकटपट्टी, तिच्यावर पातळ प्लास्टिक, आणि वरून हेअर ड्रायर फिरवला. सुरकुत्या एकेक करून विरल्या. आता टिचकी मारली की डफासारखं वाजतं. मधे कोंडलेली हवा गोधडीसारखी ऊब धरते. अण्णांना आकडा लागतो, म्हणून सांगते: इथल्या ऊर्जा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे घरं तापवायला आणि गार करायला लागणाऱ्या ऊर्जेतली २५ ते ३० टक्के खिडक्यांपायी जाते. मार्चअखेर हे सगळं काढून टाकायचं.

आणि मी कोंडून घेतलेलं नाही. स्वयंपाकघरात हवा बाहेर टाकणारा पंखा आहे, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, दर महिन्याला बटण दाबून तपासते. दक्षिणेचा पडदा दिवसभर उघडा असतो, ऊन पलंगापर्यंत येतं. मागची सर्दी ऑफिसात सगळ्यांनाच झाली होती.

पट्टी चिकटवताना आपल्या पुढच्या खोलीची खिडकी सारखी डोळ्यांसमोर येत होती. २०१९ च्या पुरात फुगलेली ती झडप अजून नीट मिटत नाही, अण्णा फटीत पेपरची घडी कोंबतात. दिवाळीत बदलू, असं मी दोनदा म्हटलं. भाड्याच्या घराच्या खिडक्या एका रविवारात केल्या, आणि आपली तशीच राहिली. ४०,००० रुपये आजच पाठवलेत. अण्णा, ते एफडीत टाकू नका, सुताराला बोलवा.

मिरजेच्या मुलाशी दोनदा बोलले. शांत आहे, मला आवडला. पण त्यांच्या घरच्यांना इतक्यात शब्द देऊ नका, मला अजून एकदोनदा बोलू दे. आई, आणखी एक. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येणार म्हटलं होतं, ते मे महिन्यात जमत नाही. रजा मंजूर झाली नाही. काकूला मी स्वतः फोन केलाय, ती दोन दिवस तुझ्यापाशी राहील. तारीख ठरली की लगेच कळवा. इथे मध्यरात्र असली तरी मी जागी असेन.

सुताराने माप घेतलं की तेही कळवा.

तुमची,
मंजू