कोसंबी जपानी नव्हते!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

२९ जून हा डी. डी. कोसंबींचा स्मृतिदिन आणि ३१ जुलै जन्मदिन. त्या सुमारास तुमच्याकडे इतिहासकार म्हणून त्यांच्यावर लेख येतात. आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी, कार्ल्याची लेणी, मार्क्सवाद, डेक्कन क्वीनचा रोजचा प्रवास सगळे असते आणि शेवटी ‘ते गणिताचेही प्राध्यापक होते’ एवढे अर्धे वाक्य. माझी तक्रार त्या ‘ही’बद्दल आहे.

मी ज्वारीचा पैदासकार, आता निवृत्त. गणित बेताचेच. तरी कित्येक वर्षे कोसंबींचे नाव मी संगणकाच्या पडद्यावर वाचत आलो. जनुकीय नकाशा करायला बसले की सॉफ्टवेअर विचारते : हाल्डेन की कोसंबी? आम्ही सवयीने कोसंबीवर टिचकी मारायचो. एकदा एका विद्यार्थिनीला विचारले, हे कोण गं? म्हणाली, “जपानी असावेत, सर.”

त्या टिचकीमागचा हिशेब असा. गुणसूत्रावर दोन जनुके किती दूर आहेत, हे पुढच्या पिढीत ती किती वेळा एकमेकांपासून सुटली यावरून काढतात. पण जोडीतल्या दोन गुणसूत्रांत मधल्या भागात तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली तर ती सुटलेली दिसतच नाहीत आणि अंतर कमी भरते. ही तूट भरून काढणारे सूत्र ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९१९मध्ये दिले. मात्र त्यात एक अदलाबदल शेजारच्या दुसरीला अडवत नाही असे धरले होते. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा अडवते. कोसंबींनी फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना हा अडथळा हिशेबात घेतला. लेख अवघ्या चार पानांचा. शंभरात वीस वेळा जनुके सुटली, तर हाल्डेनचे अंतर येते २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधले अंतर मोजायचे एकक), कोसंबींचे २१.२. शेतात हव्या त्या गुणाचा माग काढणाऱ्याला हा फरक लहान नाही.

संख्याशास्त्रातली एक मोठी पद्धत कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावावर आहे. कोसंबींनी ती १९४३मध्ये, त्या दोघांच्या आधी मांडली होती. आणि नाणी? ती त्यांनी तराजूत तोलली, वापराने किती झिजली याचा हिशेब केला. म्हणजे तुमच्या लेखातला इतिहासकारही गणितच करत होता.

चूकही लिहा. रीमान गृहीतक या गणितातल्या अजून न सुटलेल्या प्रसिद्ध कोड्याची सिद्धता सापडल्याचा दावा त्यांनी १९५९मध्ये केला, तोही आमच्या कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती टिकली नाही.

येत्या ३१ जुलैला गणिताच्या एखाद्या प्राध्यापकाकडून लेख लिहून घ्यावा, ही विनंती. सूत्र एका ओळीत मावते. छापायला अडचण असेल तर हाताने लिहून पाठवतो.

आपला,
एक निवृत्त ज्वारी पैदासकार