बाबांच्या खोलीचं छत

युवॅस्कुला, फिनलंड
१५ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, म्हणशील. बाबांना वाचून दाखवायला काहीतरी पाठव म्हणाली होतीस ना, म्हणून. फक्त शेवटचं पान आधी तू एकटी वाच.

मी मजेत आहे. खोकला गेला. लोणच्याची अर्धी बरणी अजून शिल्लक आहे. बाहेर उणे बारा असलं तरी घर उबदार असतं. मिरजेत डिसेंबरच्या पहाटे वाजते तेवढीही थंडी मला घरात वाजत नाही, तेव्हा स्वेटर विणायला बसू नकोस.

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे अंगणात बाबागाडी दिसली आणि तू ओरडलीस, त्याचं सांगते. ती कुणी विसरलेली नव्हती. आत बाळ झोपलं होतं. हो, त्या बर्फात! इथे दुपारी बाळाला लोकरीत गुंडाळतात, गाडीत घालतात आणि गाडी बाहेर गॅलरीत नाहीतर अंगणात ठेवतात. नाकाचा शेंडा तेवढा उघडा. मोकळ्या हवेत बाळ गाढ आणि जास्त वेळ झोपतं, असं ह्यांचं म्हणणं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी धावत जाऊन त्या घराचं दार वाजवलं होतं. त्या बाळाची आई कॉफी पीत होती. तिने खिडकीतून बाळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि मलाच आत घेऊन कॉफी दिली. तुझा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. माया आहे गं त्यांना. भरपूर आहे.

तर रविवारी आल्टोच्या म्युझियममध्ये गेले होते. बाबांना सांग, मारुतीची आल्टो नव्हे. अल्व्हार आल्टो, इथला मोठा आर्किटेक्ट. त्याने पहिलं ऑफिस ह्याच गावात थाटलं, १९२३ मध्ये. म्युझियमची इमारतही त्यानेच बांधली, १९७३ ची. फिनिश भाषेत आल्टो म्हणजे लाट, आणि त्याची काचेची फुलदाणी खरोखरच लाटेसारखी आहे, कुठेच सरळ कड नाही. तुला आवडणार नाही, घासायला कठीण. बर्च लाकूड वाकवून केलेली तीन पायांची स्टुलंही आहेत. ती एकावर एक चढवली की चक्रासारखा जिना दिसतो. आमच्या ऑफिसात त्यांवर लोक खुशाल पिशव्या ठेवतात.

पण मी थांबले ते त्याने पैमिओ गावी बांधलेल्या सॅनिटोरियमच्या फोटोंपाशी. १९३३ मध्ये बांधून झालं, क्षयरोग्यांसाठी. तेव्हा औषध नव्हतं. ऊन, मोकळी हवा आणि पडून राहणं, एवढेच उपाय. आल्टोने विचार केला की ही खोली उभ्या माणसासाठी नाही, महिनोन्‌महिने आडव्या पडलेल्या माणसासाठी आहे. म्हणून छताला डोळ्यांना निववणारा गडद हिरवा रंग. दिवा अशा जागी की पडल्यापडल्या उजेड डोळ्यांत जाऊ नये. एका खोलीत दोघं, म्हणून बेसिन दोन, आणि त्यांना असा उतार दिलाय की पाणी तिरकं पडतं, आवाज होत नाही. एकाने रात्री हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडायला नको! त्याची प्लायवूडची खुर्चीही पाहिली. पाठ मागे कललेली, रोग्याला श्वास सोपा जावा म्हणून. बायको आइनो सगळ्या कामात बरोबरीने होती, पण पाटीवर नाव त्याचंच मोठं.

तिथे गॅलरीत ओळीने झोपलेल्या रोग्यांचा फोटो पाहिला आणि आजोबा आठवले. ते वानलेसवाडीच्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये होते तेव्हा सहा वर्षांच्या बाबांना लांबूनच दाखवायचे, आणि आजोबा व्हरांड्यातल्या खाटेवरून हात हलवायचे. बाबांनी एकदाच सांगितलंय हे. आणि आता बाबाच खाटेवर आहेत. रात्रभर पंख्याची पाती मोजतो म्हणाले. त्यांच्या खोलीतली ट्यूब बरोब्बर डोळ्यांवर येते, हे दिवाळीत घरी असते तर मला दिसलं असतं. आलेच नाही. तिकिटं महाग होती हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं.

(इथून पुढे तू एकटी.)

पन्नास हजार पाठवलेत. त्यातून मावशींचा दोन महिन्यांचा पगार दे. त्यांना रात्रीचंही थांबायला सांग, तू एकटी बाबांना उचलू नकोस. उरलेल्यात खोली रंगवून घे आणि ट्यूब उशामागच्या भिंतीवर हलवून घे. हिशेब मला नको.

आत्याने आणलेल्या स्थळाचं म्हणशील तर मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना थांबवून ठेवू नका. कारण हे बघ, रागावू नकोस, माझं इथलं काम दोन वर्षं वाढलंय. गुरुवारी सही केली. जूनमध्ये कायमची येते म्हणाले होते, ते येणं आता तीन आठवड्यांचंच. बाबांना मीच सांगेन, आल्यावर.

रंगाऱ्याला म्हणावं, हिरवा हवा, पोपटी नको. आणि होकार देण्याआधी बाबांच्या खाटेवर पाच मिनिटं आडवी पडून तू स्वतः वर बघ.

तुझी,
मनू