रस्ता विचारलास म्हणून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीत रजा मिळणार हे कळल्यावर तू आमच्या दिवाळीनंतरच्या प्रवासाचा मार्ग मागितलास. मार्ग दोन ओळींत संपतो. ठाण्याहून लोणावळा, मग पुणे, नगर, संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरून लोणार, परत महामार्ग धरून वर्धा, आणि शेवटी जाम-हिंगणघाटच्या बाजूने वरोरा, म्हणजे आनंदवन. गाडी आमचीच ने, बाबांनी तुझ्यासाठी टायर बघून घेतलेत. पण तू फोनवर म्हणालीस, "योग, सेवा आणि जुनी माणसं, तिन्ही एकाच प्रवासात बसवायचंय," तेव्हापासून मला तुला लिहावंसं वाटत होतं. हे तिन्ही नुसतं बसवलं तर तीन खाती होतात, आणि आपण रोज संध्याकाळी कुठल्या खात्यात किती जमा झालं ते बघत बसतो. तुझं तसं होऊ नये.

सुरुवात लोणावळ्याच्या कैवल्यधामपासून कर. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था काढली. मूळचे ते जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. योगाबद्दल नुसती श्रद्धा ठेवायची नाही, मोजून बघायचं, हा त्यांचा ध्यास. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढून करायच्या क्रिया करताना पोटात नक्की काय होतं हे बघायला त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्ष-किरणांच्या तपासण्या केल्या, दाब मोजले, आणि संस्था निघाली त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून ते सगळं छापलं. शंभर वर्षं झाली त्याला. तुला आकडे आवडतात, म्हणून मुद्दाम सांगते. तिथे राहून शिकायचे छोटे वर्ग असतात, तारखा आधी बघून जागा धर.

मी गेले तेव्हा मनात होतं की या वेळी पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवायचंच. शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही खांदे धरून मला मागे आणलं आणि म्हणाल्या, "इथेच थांबा. श्वास जाईल तिथवरच जायचं." मग त्यांनी पतंजलींची दोन सूत्रं लागोपाठ म्हणून दाखवली. 'स्थिरसुखमासनम्' सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या पुढचंच 'प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्' फारसं कोणी म्हणत नाही. प्रयत्न सैल सोडला की आसन जमतं, असं ते सांगतं. मला ते पोटात शिरल्यासारखं झालं. पुढचा सगळा प्रवास त्या एका सूत्रावर झाला, असं मी आज अगदी मनापासून म्हणेन. बाबा तर जमिनीवर मांडी घालून बसायला शिकले, आणि त्याचा उपयोग कुठे झाला ते पुढे येईलच.

नगरला काही लिहिण्यासारखं नाही, म्हणजे खूप आहे पण ते बाबांचं आहे. पॉलिटेक्निकमधल्या मित्राकडे मुक्काम होता, दोघं रात्रभर अंगणात बोलत बसले. मी झोपले. तू त्या काकांकडे फक्त चहाला जाऊ नकोस, राहा. काकू भाकरी छान करतात आणि त्यांना कोणीतरी जेवायला हवं असतं.

समृद्धीबद्दल मात्र नीट वाच. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला झालाय. दुचाकी नाहीत, बैलगाड्या नाहीत, गावं नाहीत, आणि म्हणूनच धोका आहे. सरळ सिमेंटचा रस्ता बघून बघून डोळा उघडा राहतो पण लक्ष जातं. दर दीड-दोन तासांनी उतरायचंच, झोप येवो न येवो. गाडीला पाठ टेकवून ताडासन, मग कटिचक्रासन, मग टाचांवर चार-सहा श्वास. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघितलं तर बघू दे. निघण्याआधी टायरमधली हवा थंड असताना तपास, सिमेंटवर टायर तापतात. वेगाची मर्यादा १२० आहे म्हणजे १२०नेच जायला हवं असं नाही.

मेहकरला उतरून लोणार बघ. काळ्या बेसॉल्टमध्ये उल्केनं पाडलेलं जवळजवळ दोन किलोमीटर रुंद विवर, आणि तळाशी खारं पाणी. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, क्षारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. बाकी तुझं तू बघ, पुढे निघ.

आता वर्धा. होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी मावशी तिथे एकटी असते. तिचे यजमान, वर्ध्याचे काका, गेल्यापासून ती आली नाही, मी गेले नाही, फोन चालू होते. मी मनात ठरवून गेले होते की तिला घेऊन गांधीजींचं सेवाग्राम, विनोबांचं पवनार करायचं, धाम नदीच्या काठावर दोघींनी बसायचं. चकल्यांचा डबाही खास त्या काठासाठी बांधला होता. दारात पाय ठेवला तर ती काळजीने काळवंडलेली. नोव्हेंबर संपत आला होता आणि हयातीचा दाखला जात नव्हता. पेन्शन थांबेल या भीतीनं तिला झोप नव्हती. तीनदा जाऊन आली होती, यंत्रावर बोटंच उमटत नव्हती. आयुष्यभर भांडी घासली, कपडे धुतले, खडू धरला, बोटांच्या रेघा झिजून गेल्या होत्या. "मी जिवंत आहे हे पटवता येत नाहीये गं मला," म्हणाली.

तुझे बाबा तिच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. हल्ली हाच हयातीचा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण पत्र, चेहऱ्यावरूनही काढता येतं, २०२१ पासून. फोनवर आधारचं चेहरा ओळखणारं फेस आरडी आणि जीवन प्रमाणचं ॲप घेतलं, खिडकीशी उजेडात तिला बसवलं. तिला पापणी मिटायला सांगितलं की ती दोन्ही डोळे घट्ट मिटून घ्यायची. चष्मा काढला, घाम पुसला, परत केलं. शेवटी झालं आणि क्रमांक आला. तो तिने वहीत तीन ठिकाणी लिहून ठेवला. मग म्हणाली, आता जेवू, आणि गोळाभात टाकला.

सेवाग्रामला दुसऱ्या दिवशी गेलो, तिघंही. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले, पुढे त्याचंच नाव सेवाग्राम झालं. बापू कुटी सगळे बघतात. तू परचुरे कुटीपाशी थांब. परचुरेशास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना कुष्ठरोग झालेला. लोक सावली टाळत होते त्या काळात गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला तेल लावून चोळायचे. आणि त्याच १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेनं मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. हे आधी बघितलंस तर आनंदवन एकाएकी उगवलेलं वाटणार नाही.

आनंदवनाची गोष्ट तू लहानपणी ऐकलीस. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली. दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या दगडाळ माळावर विहीर खोदायला सुरुवात केली. सुरुवातीला तिथली भाजी गावात कोणी घेत नसे. पुढे साठच्या दशकात त्याच रुग्णांनी बांधलेल्या कॉलेजात वरोऱ्याची पोरं शिकायला लागली. मला त्या माणसांचा हा जबाब फार मोठा वाटतो. भाजी नाकारली त्यांना कॉलेज बांधून दिलं.

तिथे जायच्या आधी संस्थेला पत्र लिही. अमुक दिवस आहे, अमुक येतं, काय काम द्याल, असं विचार. अचानक जाऊन उभं राहू नकोस. पाहुण्याला दाखवत फिरण्यात तिथल्या माणसांचा वेळ जातो, आणि त्यांना कामं आहेत. एका दिवसासाठी तर नकोच. आणि माणसांचे फोटो काढू नकोस, अगदी त्यांनी हो म्हटलं तरी.

मला वाटलं होतं शाळेतल्या मुलांना आसनं शिकवावीत. कैवल्यधामात शिकलेलं ताजं होतं. मला भाजी निवडायला बसवलं, म्हाताऱ्या बायकांच्या ओळीत. शेजारच्या आजींच्या बोटांची नुसती पेरं उरली होती. सुरीची मूठ तळव्यात अडकवून त्या गवार माझ्या दुप्पट वेगानं चिरत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुले बोटं हायेत माय, जपून चीर."

कुष्ठरोगात बोटं झडतात असं आपण म्हणतो, पण जंतू बोटं खात नाही. तो नसांवर जातो, हाताची जाणीव हरवते. मग भाजतं ते कळत नाही, टोचतं ते कळत नाही, जखमा चिघळत राहतात आणि हाड झिजतं. आज बहुविध औषधोपचार, म्हणजे अनेक औषधं एकत्र द्यायचा उपचार आहे, १९८० च्या दशकापासून, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आणि वेळेवर घेतला तर माणूस पूर्ण बरा होतो, व्यंग येत नाही. अंगावर बधिर चट्टा दिसला की दाखवायचं, एवढंच लोकांना माहीत हवं. तुझ्या ऑफिसात सांग, तुझ्या स्वयंपाकाच्या ताईंनाही सांग. मी आता बसमध्येसुद्धा सांगते. आजींना वेळेवर औषध मिळालं असतं तर त्यांचे हात माझ्यासारखेच असते, हा विचार मला तिथे बसून आला आणि अजून जात नाही.

आसनं मी कोणाला शिकवली नाहीत. पण रोज सकाळी मी आमच्या खोलीबाहेर करायचे, त्यामुळे तासन् तास जमिनीवर बसता आलं, आणि आजींच्या शेजारून उठावं लागलं नाही. बाबा आमट्यांचा कणा इतका खराब झाला होता की त्यांना बसता येत नसे. तरी १९८५ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' यात्रेत तरुण मुलं सायकलवर आणि ते गाडीत आडवे पडून गेले. तुझी पाठ धड आहे. ती नुसती खुर्चीत घालवू नकोस एवढं मी आई म्हणून म्हणू शकते.

उन्हाळ्यात रजा मिळाली असती तर आमट्यांच्याच संस्थेच्या सोमनाथ प्रकल्पावरच्या श्रमसंस्कार छावणीला जा म्हटलं असतं. ती मे महिन्यात असते, चंद्रपूरच्या उन्हात, पहाटे कुदळ-फावडं घेऊन. पुढच्या वर्षी जा.

वर्ध्याला मावशीकडे दोन रात्री तरी ठेव. तिला "काही काम आहे का" असं विचारू नकोस, ती नाहीच म्हणेल. गच्चीवरची पाण्याची टाकी काका गेल्यापासून कोणी आतून धुतलेली नाही, झाकणही तडकलंय. झाकणाचं माप तिच्या दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर बाबांनी लिहून ठेवलंय. नवं झाकण बाजारातून घे, रबरी चपला आणि जुना सलवार-कुर्ता घरून ने, आणि सकाळी मोटर लावायच्या आत टाकीत उतर.

तुझी,
आई