शेऱ्याचा रकाना

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

सहा महिने तुला फोन केला नाही. तुझे दोन मिस कॉल आले, तेही बघून तसेच ठेवले. आज लिहायला बसलोय, कारण जे झालंय ते फोनवर बोलायला गेलो तर मला बोलवणार नाही, आणि तुझ्याशिवाय त्यातलं मर्म कुणाला कळणारही नाही. आईचे गुडघे तसेच, बाबांची शुगर आटोक्यात, मी बरा.

अण्णांना फौंड्रीतल्या भट्टीवरून काढलं. आपण दोघांनी फौंड्र्यांसाठी केलेल्या ॲपमधला माझा रिपोर्ट बघून काढलं.

यंदा पाऊस असा लागलाय की तिसऱ्या गेटपासून उद्यमबागेत पोचेपर्यंत रेनकोटाच्या आतही माणूस भिजतो. मालकांचा ओतीव लोखंडी भागांचा एक मोठा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. वरून कास्टिंग गुळगुळीत, मशीनिंगला लावलं की कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मालकांनी माझ्यासमोरच लॅपटॉप उघडला आणि आपला ‘ऑपरेटरनिहाय रिजेक्शन’ रिपोर्ट काढला. सगळ्यांत वर, लाल पट्टीत, अण्णा. वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून तापमान सांगणाऱ्या माणसाला त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, उद्यापासून फेटलिंगला, कास्टिंग घासून साफ करायला जा. अण्णा काही बोलले नाहीत. डबा उचलला आणि घरी गेले. परत आलेच नाहीत.

काल यळ्ळूरला त्यांच्या घरी गेलो. राजहंसगडावर ढग उतरले होते, शेतात लावण चालली होती. वहिनींनी चहा दिला. अण्णांनी आतून वही आणली. ती वही, बंड्या! ॲप आल्यावर ‘आता वहीची गरज नाही’ असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ती एक दिवसही बंद ठेवली नव्हती. प्रत्येक हीटची, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक खेपेची, नोंद. ‘हीट ४. स्क्रॅप भिजलेला. ताडपत्री फाटलीय, दोनदा सांगितलं.’ ‘हीट ६. लेडल तापवायला वेळ दिला नाही.’ ‘मळे लई. वाळू हाताला चिकटते.’ हे ‘मळे लई’ पहिल्यांदा वाचून तुमचा तो पुण्याचा पाहुणा ‘अण्णांची शेती बरीच दिसते’ म्हणाला होता, आणि कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस हे त्याला सांगता सांगता तू हसून खुर्चीवरून पडला होतास. काल मला ते आठवलं, पण हसू आलं नाही.

त्या भोकांचं सगळं कारण त्या वहीत आहे. गंजलेला ओला स्क्रॅप, नीट न तापलेली लेडल म्हणजे लोखंड ओतायचं भांडं, त्यातल्या पाण्यापासून हायड्रोजन होतो, वितळलेलं लोखंड तो पिऊन घेतं आणि थिजताना बाहेर टाकतं. बाहेर पडायला वाट मिळाली नाही की भोक. अण्णांनी हायड्रोजन हा शब्द लिहिला नाही, पण ताडपत्री लिहिली. आणि आपल्या ॲपमध्ये ताडपत्री लिहायला जागाच नव्हती.

ती जागा मीच काढून टाकली होती.

तुला तो दिवस आठवत असणारच. काकूंची माडी, २०२३चा पावसाळा. १ ऑगस्टपासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्यांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं होणार होतं, आणि कधी नव्हे ते फौंड्रीवाले ‘सॉफ्टवेअर’ म्हटल्यावर खुर्ची पुढं सरकवत होते. तू म्हणत होतास, हीटच्या नोंदीत शेऱ्याचा रकाना पाहिजेच. मी म्हटलं, शेऱ्याचा ग्राफ निघत नाही. तू म्हणालास, ‘मग ग्राफ नको काढूस की!’ तीन दिवस बोलला नाहीस. चौथ्या दिवशी मी कुंदा घेऊन आलो, अर्धा डबा संपवलास आणि मगच तोंड उघडलंस. पण रकाना गेला तो गेलाच. त्याच्या जागी मी कारणांची यादी दिली: ऑपरेटर, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा), तापमान, वाळू. एक निवडा आणि पुढं जा.

आता ऐक. ही यादी मी अकारविल्हे लावली होती. स्वर आधी, म्हणून ‘ऑपरेटर’ पहिला. आपल्या माणसांना मराठीतून वापरता यावं म्हणून मी किती अडून बसलो होतो! इंग्रजी यादी असती तर कोअर वर आला असता. शिफ्ट सुटताना बस गाठायच्या घाईत सुपरवायझर जे वर दिसेल ते दाबतो. काल रात्री दोन वर्षांच्या नोंदी चाळल्या. शिफ्टच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत भरलेल्या नोंदींत जिकडं तिकडं ‘ऑपरेटर’च. लाल पट्टी तिथून आली.

सकाळी हे सगळं छापून मालकांकडं नेलं. वहीचे फोटोही दाखवले. ते शांतपणे म्हणाले, ‘पण रिपोर्टात तसं कुठं दिसतंय?’ बंड्या, हे वाक्य माझं आहे. पहिल्या डेमोला मीच त्यांना म्हणालो होतो, साहेब, माणसं काय सांगतात ते सोडा, डेटा बघा. त्यांनी मनापासून ऐकलं. आता मीच सांगतोय की डेटा चुकीचा आहे, तर मी त्यांना अण्णांचा माणूस वाटतोय. झोप लागत नाही ती यामुळं. एका फौंड्रीत हे कळलं. बाकीच्या अकरा ठिकाणी कुणाची नावं वर लाल झाली असतील?

तुझ्या ऑफिसातली ती मुलगी आठवते, दिवसभर सगळ्यांचं अडलेलं सोडवायची आणि महिन्याअखेरी तिच्याच नावावर ‘जिरा’ या कामं मोजायच्या सॉफ्टवेअरवर सगळ्यांत कमी तिकिटं? तू तेव्हा चिडून फोन केला होतास आणि मी तुझ्या मॅनेजरची बाजू घेतली होती. नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास काम करा म्हणाले तेव्हाही तू म्हणालास, तास मोजता येतात म्हणून मोजतात. त्यावर आपण तासभर भांडलो. दोन्ही वेळा तुझं बरोबर होतं.

तुझं काय? घराचं पझेशन मिळालं का? बारशाला यायला जमलं नाही, वहिनींना माझ्या वतीनं तूच माफी माग. गणपतीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट आत्ताच काढून ठेव, नंतर मिळत नाही.

आणि एक काम आहे. गिटमध्ये, कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं त्यात, मागं मागं गेलो तर तुझा तो शेऱ्याचा कोड जसाच्या तसा सापडला. मी काढलेला, पण गिटनं ठेवलेला. आज दुपारपासून तो परत जोडतोय. बोलून नोंद करायची सोय घालतोय, कारण हातमोजे घालून कोण टाइप करणार? मराठी-कन्नड मिसळलेलं बोलणं मात्र नीट उतरत नाही, ‘मळे’ला अजून शेतच समजतं. बुधवारी मी हे घेऊन परत मालकांकडं जातोय, आणि अण्णांना आधी विचारून, जमलं तर त्यांना सोबत नेतोय. त्याआधी एकदा तुझी नजर त्यावरून जाऊ दे. मंगळवारी रात्री कितीही उशीर झाला तरी फोन कर, या वेळी उचलतो.

तुझाच,
भावड्या